न मोडणारी काठी

४ फेब्रुवारी

कासवदादास,

माझं अक्षर बघून चक्रावशील. वडील गेले त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही लिहिली नाहीस. फिटंफाट. त्यावर रुसूनबिसून बसू नकोस, मला वेळ नाही.

तुझं मासे धरायच्या सामानाचं दुकान अजून आहे ना? असेल तर एक काठी पाठव. मजबूत पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. दोन्ही एकदम मिळत नाही असं सांगणार असशील तर सांगू नकोस. इथला दुकानदार तेच म्हणाला. त्याने एक चकचकीत काठी दाखवली, मी टोक जरा वाकवून बघितलं तर असा ओरडला जसं काही त्याचंच बोट वाकवलं. मी म्हटलं, बाईमाणसाने हात लावल्यावर जी मोडते ती माशाने ओढल्यावर काय करणार? म्हणाला, बाई, तुम्हाला काठी घ्यायची आहे की भांडायचं आहे? आले निघून.

काठी आमच्या ह्यांना. लिफ्ट दुरुस्त करायचे, तुला माहीत आहे. गेल्या वर्षापासून कामावर जात नाहीत. सकाळी उठतात, बूट घालतात आणि ज्या तलावातून नळाला पाणी येतं त्या तलावावर जाऊन बसतात. अंधार पडायच्या आत येतात. बोलत नाहीत. तिथे बसून आले की जेवतात, घरात ठेवून घेतलं की जेवत नाहीत. एवढंच मला कळलेलं आहे आणि तेवढ्यावर मी घर चालवते.

भानगड अशी की मध्यंतरी पलीकडच्या काठावरून कोणीतरी पाण्यात उडी मारली. तेव्हापासून वरच्या साहेबांचा हुकूम आहे, रिकाम्या हाताने काठावर कोणाला बसू द्यायचं नाही. गळ टाकणारे चालतात. चौकीदार माणूस बरा आहे. मला म्हणाला, बाई, ह्यांच्या हातात काहीतरी द्या, नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि वर कळवलं की गाडी येते. गाडी कुठे नेते ते मला ठाऊक आहे. एकदा नेलं होतं. परत आणलं तेव्हा चमचा कसा धरायचा तेही सांगावं लागत होतं.

तर हातात द्यायला काठी. मासा लागला नाही तरी चालेल. लवकर पाठव. तुझं लवकर म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून दोनदा लिहिते. लवकर.

मिरची


१३ फेब्रुवारी

मिरचे,

पाकीट तुझ्या वहिनीने दुकानात आणून दिलं आणि म्हणाली, पत्ता इतका दाबून लिहिलाय की कागद फाटायला आलाय, तुमच्या मामाच्या मुलीचंच असणार. मला फार बरं वाटलं. रुसायचं काय, मी लिहिणार लिहिणार म्हणत राहिलो आणि वर्षं गेली. मला कासव म्हणायला तूच सुरुवात केलीस, आता दुकानाच्या पाटीवरही कासव रंगवून घेतलं आहे. गिऱ्हाइकाला आधीच कळलेलं बरं.

दाजींना या वयात छंद लागला हे ऐकून आनंद झाला. नोकरीतून सुटलेली माणसं एक तर वर्तमानपत्राशी भांडतात नाहीतर बायकोशी. पाण्यावर बसलेलं केव्हाही चांगलं. बोलत नाहीत म्हणतेस, तर गळवाले सगळे तसेच.

आता काठी. तो दुकानदार खोटं बोलला, मजबूत आणि स्वस्त दोन्ही मिळतं, फक्त दिसायला चांगलं मिळत नाही. भरीव फायबरची घ्यायची. दाराच्या फटीत चेमटली, कोणी वर बसलं, उन्हात विसरली, काही होत नाही. जड असते आणि जरा मुकी असते, म्हणजे माशाने आमिष टोचून पाहिलं तरी हाताला पत्ता लागत नाही. दुसरी कार्बनची. हलकी आणि फार जाणती. मासा नुसता जवळून गेला तरी तळहाताला सांगते. पण कशावर आपटली तर केसाएवढी भेग पडते, ती दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी साधा मासा ओढतो आणि काठी मधोमध जाते. महाग तीच, आणि रडत परत येतात तेही तीच घेणारे.

आणखी एक, लोक काठी बघतात आणि काठीवरच्या कड्या बघायच्या विसरतात. ज्या कड्यांतून दोरा जातो त्या आतून खरखरीत असल्या की दोरा कापला जातो. कापसाचा बोळा कडीतून फिरवायचा. कापूस अडकला तर काठी ठेवून द्यायची.

पण माणूस माहीत असल्याशिवाय मी काठी देत नाही. दाजींचा हात कोणता? उंची किती? पाणी वाहतं की साठलेलं? काठाला झाडं आहेत का? मासा कुठला आणि केवढा?

आणि आमची भाची काय करते? मी पाहिली तेव्हा माझ्या बुचांच्या टोपलीत बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. आता टोपलीत मावायची नाही.

तुझा दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

काठी मागितली तर तू परीक्षा घेतोस. घे उत्तरं.

हात उजवा. उंची, दाराच्या चौकटीखालून वाकून जातात एवढी. पाणी साठलेलं. काठावर दगडी फरशी, झाड नाही, लोखंडाचे बाक आहेत. मासे कुठले ते माशांना ठाऊक. मुकी काठी पाठव. जाणती नको. इथे कोणाला काही जाणवून घ्यायचं नाहीये.

छंद लागला असं लिहिलंस. तू वाचतोसही सावकाश की काय? छंद नाही. नोकरीतून सुटलेही नाहीत, जायचे थांबले. एका इमारतीत लिफ्टच्या वर उभे राहून काम चालू होतं, मदतनीस खालून हाक मारत राहिला आणि हे उत्तरच देईनात. पडले नाहीत, काही नाही. नुसते उभे होते. मग कंपनीने सांगितलं, घरी बसा. घरी बसवत नाही म्हणून तलावावर बसतात.

इस्पितळातून आणलं तेव्हा डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, घरात टोकदार काही हाताशी ठेवू नका. ह्यांनी काही केलेलं नाही, पण त्याने सांगितलं. सुरी आणि कात्री मी पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवते. दाढी न्हाव्याकडे. तू म्हणशील, एवढी काळजी करतेस आणि माणसाला दिवसभर पाण्याजवळ सोडतेस. बरोबर आहे. पण मला कामाला जावं लागतं, आणि घरात कोंडून पाहिलं तेव्हा दोन्ही वेळचं ताट तसंच राहिलं. पाण्यापाशी चौकीदार आहे, घरात कोणी नाही.

मी अजून लॉन्ड्रीतच. इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. दोघी दोन बाजूंनी चादर धरतो, झटकतो, इस्त्रीच्या गरम रुळात सरकवतो, पलीकडून कोरडी निघते, घडी, पुढची. परवा मनगट रुळाला लागलं. फोड आला, तो समोरच्या बाईने दाखवला तेव्हा मला कळलं. म्हणाली, लक्ष कुठे असतं तुझं? मी म्हटलं, चादरीवर. खरंच चादरीवरच होतं.

काठीचे काय होतील ते लिही. फुकट देऊ नकोस, मला चालत नाही.

मिरची


२ मार्च

मिरचे,

काठी पाठवली आहे. लांबट पुठ्ठ्याच्या नळीत आहे, पोस्टातल्या माणसाने पाइप समजून आपटली तरी काळजी करू नकोस.

नवी नाही. दुकानाच्या दाराशी एक काठी मी गिऱ्हाइकांना वाकवून बघायला ठेवलेली असते. जो येतो तो आधी ती वाकवतो, मग आत येतो. पोरं तिला लोंबकळली आहेत. एका मास्तरांनी तिच्यावर छत्रीसारखा भार टाकून माझ्याशी संध्याकाळभर गप्पा मारल्या आहेत. इतकी वर्षं झाली, मोडली नाही. ती मी विकायला कधी काढलीच नव्हती. तुला मजबूत पाहिजे, तर हिच्याइतकी खात्री मला दुसऱ्या कुठल्या काठीची देता येत नाही. रंग उडाला आहे. किंमत वहिनीने ठरवली, नळीच्या आत चिठ्ठी आहे, कमी वाटली तर तिच्याशी भांड.

दोन तुकडे आहेत. जोडताना पिळायचं नाही, सरळ दाबायचं. कड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. रिळावर दोरा गुंडाळून दिला आहे, तरंगायला बूच, बुडायला शिसं. गळ काड्यापेटीत आहेत. दाजींना सांग, पहिल्या दिवशी लांब टाकायच्या नादाला लागू नका, मासे काठाशीच असतात.

तू लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. लिफ्टचं. काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. माणूस आपोआप थांबत नाही, काहीतरी अडकलेलं असतं. लिहावंसं वाटलं तर लिही.

भाचीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. वहिनी रोज विचारते. तिच्यासाठी नळीत एक लाल बूच टाकलं आहे, लहानपणी तिला तेच पाहिजे होतं आणि मी दिलं नव्हतं.

दादा


१५ मार्च

दादा,

काठी पोचली. पैसे पाठवले आहेत. कमी होते, पण वहिनीशी भांडायला मला ताकद नाही.

मी स्वयंपाकघरात उभी राहून जोडली. टोक छताला लागलं. ह्यांच्या हातात दिली तर दुसऱ्याची छत्री धरून उभं राहावं तशी धरली. सकाळी निघताना घेऊन गेले. चौकीदाराने लांबून मला हात केला, झालं म्हणून.

झालं नव्हतं. गळ मी काढून ठेवले होते. काड्यापेटी उघडली, ते उलटे दात बघितले आणि पेटीत कुलपात टाकले. नुसता दोरा, शिसं आणि बूच. मला वाटलं, कोण बघायला येतंय पाण्याखाली. तर चौकीदारच आला. रीळ गुंडाळताना त्याने पाहिलं. म्हणाला, बाई, मी कानाडोळा करीन, पण साहेब फेरीला येतात तेव्हा गळ वर घेऊन बघतात. दोऱ्याला काहीच नसेल तर मला विचारतील, हा माणूस इथे करतो काय? तेव्हा मी काय सांगू?

तर आता असं काही सांग की गळ असेल आणि नसेल. तुझा धंदा आहे, तूच सांग.

लाल बूच परत पाठवते आहे. पोर गेली. मागच्या जूनमध्ये. सकाळी डोकं दुखतं म्हणाली, मी म्हटलं कामावर जा, चष्म्याच्या दुकानात बसून तर राहायचं असतं. दुपारी तिथूनच इस्पितळात नेली. ताप मेंदूत गेला होता. आठवडाही झाला नाही. तुम्हाला कळवलं नाही कारण कळवायचं म्हणजे लिहायला लागतं.

मी रडलेले नाही. लोक बघायला आले तेव्हा मी त्यांना खुर्च्या देत होते. एक बाई म्हणाली, हिचं काळीज दगडाचं आहे. असेल. तपासून बघायला मला सवड मिळालेली नाही. महिना संपला तशी कामावर गेले आणि त्याच इस्पितळाच्या चादरी आल्या. घातल्या रुळात.

वहिनीला सांग. मला सांत्वनाचं पत्र लिहू नका. दोघांनीही. गळाचं लिही.

मिरची


९ एप्रिल

मिरचे,

तू सांत्वनाचं लिहू नको म्हणालीस, म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. प्रत्येक वेळी कागद घेतला की तेच यायचं. वहिनीला मी सांगितलं. ती उठून दुकानाच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. एवढंच लिहितो, बाकी लिहीत नाही.

गळाचं.

सोबत काड्यापेटीत सहा गळ आहेत. आधीचे वापरू नकोस, हे वापर. मी एकेक गळ पकडीत धरून उलटा दात कानशीने काढून टाकला आणि मग टोक घासून गोल केलं. हाताला लावून बघ, नखासारखं लागेल, जास्त नाही. मी माझ्या गालावर फिरवून पाहिलं आहे. लांबून आणि जवळून दोन्हीकडून गळच दिसतो, साहेबाने वर घेतला तरी दिसेल. आमिष लावायचं असेल तर कणकेची गोळी लाव, बोथट टोकावर तीच टिकते.

आजवर धार लावायला आणलेले गळ मी घासले आहेत. धार घालवायला कधी घासला नव्हता. शेजारचा शिंपी बघत होता, म्हणाला, डोकं फिरलं का तुमचं, चांगल्या मालाची वाट लावताय. मी म्हटलं, ऑर्डर आहे.

मी यायला तयार आहे. दुकान बंद ठेवता येतं. तू म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तर येणार नाही.

दादा


२२ एप्रिल

दादा,

येऊ नकोस. आलास तर मला खुर्ची द्यावी लागेल.

गळ चालले. साहेब परवाच येऊन गेले. चौकीदाराने मला सगळं हावभावांसकट सांगितलं. साहेबांनी दोरा वर घेतला, गळ बघितला, कणकेची गोळी बघितली, म्हणाले, लागतं का काही? ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते चौकीदारालाही कळलं नाही. साहेब म्हणाले, धीर धरावा लागतो, आणि गेले. म्हणजे कागदावर आम्ही आता गळवाले.

ह्यांच्या बाकावर आता एक बेकरीवाला बसतो. पहाटे भट्टी उरकून येतो, गळ टाकतो आणि बसल्या बसल्या झोपतो. घोरतो म्हणे. हे त्याला उठवत नाहीत आणि तो ह्यांना बोलवत नाही. छान जमलं आहे. कधी कधी ह्यांच्या खिशात पावाचा तुकडा सापडतो, त्याने दिलेला. खाल्लेला असतो अर्धा.

कणीक मी रोज सकाळी डबीत भरून देते. डबी रिकामी येते. जेवतात. मी झोपते. आधी मी नुसती पडून राहायचे, कडी वाजेल म्हणून कान दाराकडे. आता हातात गळ बोथट आहे, चौकीदार खूश आहे, साहेब खूश आहे, मग मी डोळे मिटते ते सकाळीच उघडते. आत काही नसतं, स्वप्नबिप्न काही नाही. चादरीसारखी पडते.

एवढंच. काम झालं तुझं.

मिरची


३ मे

मिरचे,

डबी रिकामी येते हे वाचून मला जरा टोचलं. सांगू की नको असा विचार करत होतो. सांगतो, मग तू काय शिव्या घालायच्या त्या घाल.

डबी रिकामी येते म्हणजे मासे कणीक खात आहेत. बूच बुडत असणार. माणूस काठी उचलतो, जरा भार लागतो, आणि सुटतो. परत गोळी, परत बूच बुडतं, परत सुटतो. रोज. काठी मुकी आहे म्हणून बारीक टोचणी कळणार नाही, पण ओढ कळते, ती कुठल्याही काठीत कळते. मी दुकानात चाळीस प्रकारची माणसं बघतो. ज्याला मासाच मिळत नाही तो बसतो वर्षानुवर्षं. ज्याच्या हाताशी येऊन दर वेळी सुटतो तो एक तर काठी फेकून देतो नाहीतर स्वतःला दोष देत बसतो.

दाजींना कोणीतरी सांगायला पाहिजे की गळ बोथट आहे, तुमची चूक नाही. तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं असतं. पण तुझ्या जागी मी नाही.

दादा


१० मे

दादा,

सांगणार नाही. सांगितलं तर विचारतील का, आणि का ते मी तोंडाने बोलणार नाही. माशांचं काय ते मासे बघतील. तू कड्या आणि दोरे बघ.

मिरची


३० मे

दादा,

मागचं पत्र मी तिरसटासारखं लिहिलं. तिरसटच आहे मी. आता हे पूर्ण वाच, मधे दुकानात कोणी आलं तरी.

परवा मी ह्यांचा कोट लॉन्ड्रीत नेला. शेवटच्या फेरीत आपले चार कपडे टाकले तर कोणी काही म्हणत नाही. मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे उलटे करायची सवय आहे, हॉटेलच्या कपड्यांत काय काय निघतं. खिशात हात घातला आणि बोटात गेलं. आत, चांगलं आत. बाहेर ओढलं तर निघेना, कारण उलटा दात. पावाच्या कागदात गुंडाळलेला गळ होता. खरा. तुझा नाही. रक्त चादरीवर पडलं आणि समोरची बाई ओरडली, चादर, चादर.

मला काय झालं ते सांगता येत नाही. इतके महिने सगळं कापसातून ऐकू यायचं, ते एकदम कानात आलं. रुळाचा आवाज, वाफेचा आवाज, ती बाई. मला एवढंच दिसलं की माणसाने लपवून टोकदार वस्तू आणली आणि मी दीड महिना मूर्खासारख्या झोपा काढल्या. बोटात गळ तसाच, मी निघाले. मुकादमीण मागून म्हणाली, पाऊल बाहेर टाकलंस तर उद्या येऊ नकोस. टाकलं. चप्पल एका पायातली रस्त्यात तुटली, ती हातात घेतली.

तलावावर पोचले तर चौकीदार उठून उभा राहिला, बाई काय झालं, काय झालं. मी त्याला ढकललं. बाकावर दोघे बसले होते. बेकरीवाला जागा होता, पहिल्यांदाच बघितला जागा. ह्यांच्या पायाशी पत्र्याचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात मासा. हाताएवढा. जिवंत.

मी बोट पुढे केलं. हे बोटाकडे बघत राहिले, मग बेकरीवाल्याला म्हणाले, पक्कड आहे का? आवाज ऐकून मी खालीच बसले. गंजलेला आवाज. बेकरीवाल्याच्या पिशवीत होती. ह्यांनी माझं बोट मांडीवर घेतलं आणि गळ मागे न ओढता पुढे ढकलला, टोक बाहेर काढलं, दात कापला आणि मग मागून सोडवला. लिफ्टच्या तारा सोडवायचे तसं. दुखलं. खूप दुखलं.

मी म्हटलं, हा कुठून आणला?

म्हणाले, ह्याच्याकडून. तो कोटात राहिला, म्हणून आजचा मासा ह्याच्या काठीने धरला. तुझे बोथट आहेत.

मी म्हटलं, कधी कळलं?

म्हणाले, पहिल्याच दिवशी. मासा आला, तोंड लावलं, गेला. वर घेऊन बघितलं. कोणीतरी मेहनत करून घासलाय.

मग बोलला का नाहीत?

रिळावर दोऱ्याचे दोन वेढे घेतले. मला वाटलं, गेले परत. मग म्हणाले, तू झोपायला लागली होतीस.

दादा, मला वाटत होतं मी ह्यांना सांभाळते आहे. हे बाकावर बसून रोज मासा सोडून देत होते, माझी झोप मोडू नये म्हणून. आणि शेवटी खरा गळ घेतला तोही माझ्यापासून लपवून. मी विचारलं, मग आता का घेतला? तर म्हणाले, येतो आणि जातो, येतो आणि जातो, बघवत नाही. एक तरी धरून ठेवावा.

तेवढं बोलून थांबले. पोरीचं नाव कोणी घेतलं नाही. बेकरीवाला दुसरीकडे बघत होता. मी तिथे फरशीवर बसून रडले. आवाज न करता नाही, चांगलं भोकाड पसरून. चौकीदार धावत आला, बेकरीवाल्याने त्याला हाताने परत पाठवलं. ह्यांनी काठी सोडली नाही. पण एक हात सोडला, आणि तो माझ्या डोक्यावर ठेवून बसले, आणि दुसऱ्याने रीळ धरून. मासा मग पाण्यात सोडला. का सोडला ते मी विचारलं नाही.

घरी येताना चप्पल हातात होती तर म्हणाले, माझे बूट घाल. मी म्हटलं, एवढे मोठे? एवढंच झालं. बाकी काही झालं असं समजू नकोस. काल दिवसभर परत गप्प होते. मुकादमिणीने मला घेतलं कामावर, दोन शब्द ऐकवून. बोट सुजलं आहे, रुळाला लागलं की ठणकतं, लगेच कळतं.

आता काम. बेकरीवाल्याकडे एकच गळ जास्तीचा होता, तो माझ्या बोटात गेला आणि कापला. काल हे उठले, काठीकडे बघितलं, दोऱ्याला तुझा बोथट लावला आणि गेले. माझ्याकडे बघून लावला. मला ते बघवलं नाही.

तर गळ पाठव. चांगले. टोकदार, दात असलेले, जसे असतात तसे. डॉक्टरने काय सांगितलं ते मला पाठ आहे, तू आठवण करून देऊ नकोस. मी त्यांच्या हातात स्वतः देणार आहे. मला भीती वाटते. अक्षर बघ. परत रात्र रात्र जागी राहीन, कडीकडे कान लावून, ते मला माहीत आहे.

तरी पाठव.

मिरची